समान कामाचे समान वेतन मागताना: कागद, कार्यालये आणि काही सापळे

शेजारच्या टेबलावर बसून तेच काम करणाऱ्या पुरुष सहकाऱ्याला आपल्यापेक्षा जास्त पगार मिळतो, हे बहुतेक जणींना चहाच्या सुट्टीत, दिवाळीच्या बोनसच्या वेळी किंवा नोकरी सोडून जाणाऱ्या एखाद्याने सहज उच्चारलेल्या आकड्यावरून कळते. त्यानंतर नेमके काय करायचे, हे मात्र सांगायला कोणी नसते. मी एका औद्योगिक वसाहतीतील कंपनीच्या स्टोअर विभागात असताना या वाटेने गेले आहे आणि पुढे इतर काही जणींचे अर्ज तयार करण्यातही हातभार लावला आहे. पगारातील फरक दाखवणे तुलनेने सोपे असते. दोघांचे काम सारखे आहे हे दाखवणे अवघड असते, आणि अर्ज अडतात ते तिथेच. म्हणून पुढील पायऱ्यांपैकी तिसऱ्या पायरीवर सर्वांत जास्त वेळ द्यावा, अशी माझी सूचना आहे.

१. कायदा काय देतो आणि काय देत नाही, ते आधी समजून घ्या

स्त्री-पुरुषांना समान वेतन देण्याची सक्ती आपल्याकडे १९७६च्या समान वेतन कायद्याने आली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून वेतन संहिता, २०१९ लागू झाली आणि तो जुना कायदा तिच्यात सामावला गेला. एकाच मालकाकडे समान किंवा समान स्वरूपाचे काम करणाऱ्यांमध्ये लिंगाच्या कारणावरून वेतनात भेद करता येणार नाही, हे तत्त्व तसेच राहिले आहे. नोकरीवर घेतानाही असा भेद करता येत नाही. तुमची थकबाकी त्या तारखेच्या आधीच्या महिन्यांचीही असेल, तर अर्जात जुन्या आणि नव्या अशा दोन्ही कायद्यांचा उल्लेख करावा.

कार्यालये, दुकाने, हॉटेले अशा ठिकाणी काम करणाऱ्यांसाठी महाराष्ट्राचा २०१७चा दुकाने व आस्थापना अधिनियमही उपयोगी पडतो, कारण त्यात वेतनाबरोबरच प्रशिक्षण, बदली आणि बढतीतील भेदभावालाही मनाई आहे.

दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. तुलना एकाच मालकाच्या कर्मचाऱ्यांमध्येच करता येते. समोरच्या कंपनीत जास्त पगार मिळतो, हा मुद्दा इथे चालत नाही. आणि तुमची तक्रार मिटवण्यासाठी मालक पुरुष सहकाऱ्याचा पगार कमी करू शकत नाही, तशी स्पष्ट मनाई संहितेत आहे. ही दुसरी गोष्ट विभागातील पुरुषांना आवर्जून सांगा. आपल्या ताटातले काढून घेतले जाईल या भीतीने एरवी चांगले असणारे सहकारीही गप्प बसतात, आणि पुढे साक्षीला त्यांचीच गरज लागते.

२. तुलना कोणाशी करायची, ते नीट ठरवा

विभागातील सर्वांत जास्त पगार घेणाऱ्या पुरुषाकडे बोट दाखवण्याचा मोह होतो, पण तो टाळावा. समान स्वरूपाचे काम ठरवताना संहिता कौशल्य, परिश्रम, अनुभव आणि जबाबदारी या चार गोष्टी आणि कामाची परिस्थिती पाहते. तुमच्यापेक्षा दहा वर्षे जास्त अनुभव असलेल्या माणसाचे नाव घेतले, तर मालकाला उत्तर आयतेच मिळते. तुमच्या आसपासच्या काळात नोकरीला लागलेला, त्याच पाळीत आणि त्याच वरिष्ठाच्या हाताखाली काम करणारा सहकारी निवडा, मग त्याच्या-तुमच्या पगारातला फरक थोडा कमी निघाला तरी हरकत नाही.

ठेकेदारामार्फत कामावर असलेल्या स्त्रियांची इथेच सर्वांत जास्त फसगत होते. त्यांना मूळ कंपनीतील कायम कामगाराशी तुलना करायची असते, पण कागदोपत्री त्यांचा मालक ठेकेदार असतो. म्हणून आधी त्याच ठेकेदाराकडील पुरुषाशी तुलना करावी. हेल्पर म्हणून लावलेल्या बाईला आणि हेल्पर म्हणूनच लावलेल्या पुरुषाला रोजी वेगळी, हे चित्र अजूनही सर्रास दिसते. ठेकेदाराने ठरलेले वेतन दिलेच नाही, तर ज्या आस्थापनेत काम केले तिच्यावर ते देण्याची जबाबदारी येते, म्हणून अर्जात दोघांचीही नावे घालावीत.

३. पदनाम बाजूला ठेवून प्रत्यक्ष कामाची नोंद करा

भेदभाव करणारी कंपनी कागदावर कधीही 'स्त्री म्हणून कमी पगार' असे लिहीत नाही. ती पदनामे वेगळी ठेवते. बायका हेल्पर आणि पुरुष ऑपरेटर, बायका असिस्टंट आणि पुरुष एक्झिक्युटिव्ह, बायका ट्रेनी आणि पुरुष ज्युनिअर इंजिनिअर. मशिन तेच, संगणकावरचा प्रोग्राम तोच, महिनाअखेरीची घाई तीच, पण नेमणूकपत्रावरचा शब्द निराळा. तो शब्द खोटा आहे हे दाखवण्यासाठी रोजचे काम नोंदवावे लागते.

एक साधी वही घ्या आणि किमान काही आठवडे रोज त्यात तारीख, पाळी, केलेले काम, ते कोणी सांगितले आणि तेच काम त्या दिवशी आणखी कोणी केले, एवढ्या गोष्टी लिहा. 'स्टोअरचे काम केले' अशी मोघम नोंद कामाची नाही. 'सकाळी आलेल्या गाडीतील माल चलनाशी ताडला, माल स्वीकृतीची नोंद संगणकात केली, दोन खोकी कमी आढळल्याने खरेदी विभागाला ईमेल केला' अशी नोंद हवी. त्या ईमेलची तारीख, नोंदीचा क्रमांक आणि शिफ्ट रिपोर्टवरची सही या गोष्टी वहीला दुजोरा देतात. आमच्या विभागात प्रत्येक नोंदीखाली ती करणाऱ्याचे लॉगिन नाव आपोआप उमटत असे, आणि असिस्टंट व एक्झिक्युटिव्ह या दोघांची नावे एकाच प्रकारच्या नोंदींखाली महिनोन्महिने दिसत होती. लांबलचक युक्तिवादापेक्षा तो एक कागद जास्त बोलला.

मालकाची ठरलेली उत्तरे आधीच माहीत असलेली बरी. 'पुरुष जड काम करतात' हे त्यांतले पहिले. आमच्याकडेही पुरुष माल उतरवतात, म्हणून त्यांना जास्त पगार आहे, असे सांगण्यात आले. प्रत्यक्षात गाड्या रिकाम्या करायला माथाडी कामगार येत, गेटवरच्या रजिस्टरात त्यांच्या टोळीची नोंद होई आणि माथाडी मंडळाकडे कंपनी पैसेही भरत असे. एखादा पुरुष सहकारी महिन्यातून कधीतरी खोके उचलत असेल, तरी व्यवहारात ज्याला महत्त्व नाही असा फरक वेतनातील भेदाला आधार ठरत नाही, असे संहितेतील व्याख्येतच आहे. तेव्हा तुमच्याकडे ते 'जड काम' खरोखर कोण करतो आणि त्याची नोंद कोणत्या रजिस्टरात होते, हे शोधा.

दुसरे उत्तर रात्रपाळीचे. रात्रपाळी करणाऱ्याला तिचा वेगळा भत्ता मिळण्यात काहीच गैर नाही. पण ज्या स्त्रियांना रात्रपाळीचे कधी विचारलेच नाही, त्यांचे मूळ वेतनही त्याच कारणाने कमी ठेवणे मला तरी पटण्यासारखे वाटत नाही, आणि अर्जात तसे स्वच्छ लिहावे. स्त्रीची संमती आणि सुरक्षेची व्यवस्था असेल तर रात्री काम करायला कायद्याची आडकाठी नाही.

तिसरे उत्तर 'युनियनशी करार झाला आहे' किंवा 'कंपनीला परवडत नाही' असे असते. त्यासाठी मुंबईतील मॅकिनन मॅकेन्झी कंपनीविरुद्ध ऑड्री डिकॉस्टा या खटल्याचा १९८७चा सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय जवळ ठेवा. कंपनीतील महिला लघुलेखकांना पुरुष लघुलेखकांपेक्षा कमी वेतन होते आणि ते युनियनशी झालेल्या तडजोडीतून ठरले असल्याचे कंपनीचे म्हणणे होते. अशी तडजोड समान वेतनाच्या कायद्यापुढे टिकत नाही आणि आर्थिक अडचण ही या कायद्यातून सुटण्याची वाट होऊ शकत नाही, असे न्यायालयाने ठरवले. वरिष्ठ अधिकाऱ्यांकडे फक्त स्त्रिया नेमायच्या आणि मग 'या पदावर पुरुषच नाहीत, तुलना कोणाशी करणार?' असे विचारायचे, ही युक्तीही तिथे चालली नाही. हा खटला खालच्या अधिकाऱ्यासमोर आधी फेटाळला गेला होता आणि अपिलात उलटला, हेही विसरू नका.

४. कागदपत्रे जमवा, पण स्वतःचीच

पुढील कागद एका फाइलमध्ये तारखेनुसार लावा आणि त्यांचे फोटो स्वतःच्या ईमेलवर ठेवा:

- नेमणूकपत्र, कायम केल्याचे पत्र आणि आजवरची सर्व वाढपत्रे
- शक्य तितक्या मागच्या पगारचिठ्ठ्या. त्या मिळत नसतील तर पगार जमा होणाऱ्या खात्याचा उतारा
- भविष्य निर्वाह निधीचे पासबुक, कर्मचारी राज्य विमा योजनेचे (ईएसआय) कार्ड असल्यास त्याची प्रत
- फॉर्म १६
- कंपनीचे ओळखपत्र, हजेरीचे पुरावे, शिफ्टचे वेळापत्रक
- कामाची वही आणि कामासंबंधीचे स्वतःला आलेले ईमेल व संदेश

पगारचिठ्ठी देणे हे मालकाचे कर्तव्य आहे. ती मिळत नसेल तर आजच लेखी मागा, कारण ती मागणीसुद्धा पुढे पुरावा ठरते.

भविष्य निर्वाह निधीच्या पासबुकावरून मूळ वेतनाचा अंदाज काढता येतो. कर्मचाऱ्याचा हिस्सा १२ टक्के असतो, म्हणजे महिन्याला १,४४० रुपये जमा होत असतील तर मूळ वेतन व महागाई भत्ता मिळून १२,००० रुपये धरले आहेत. पासबुकात १,८०० रुपये दिसले तर मात्र सावध राहा. कित्येक कंपन्या १५,००० रुपयांच्या मर्यादेवरच वर्गणी भरतात, त्यामुळे त्या आकड्यावरून खरे मूळ वेतन कळत नाही.

सहकाऱ्याने आपण होऊन स्वतःची पगारचिठ्ठी दाखवली तर उत्तमच. परंतु एच.आर.च्या संगणकातून किंवा टेबलावरून दुसऱ्याचे पगारपत्रक उचलण्याच्या फंदात कोणीही पडू नये. त्यातून चोरीचा आळ येतो आणि पगाराचा मुद्दा बाजूला पडून तुमच्याच चौकशीचे रामायण सुरू होते. त्याची गरजही नसते, कारण दाव्याची सुनावणी करणाऱ्या अधिकाऱ्याला कागदपत्रे हजर करायला लावण्याचे दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत. पगाराचे रजिस्टर त्याच्यासमोर मागवून घ्या.

५. मागणीचा आकडा काढा

समान वेतन मोजताना फक्त मूळ वेतन पाहू नका. एरवी वेतनाच्या व्याख्येतून वगळलेले घरभाडे भत्ता, प्रवास भत्ता आणि जादा कामाचा भत्ता हे समान वेतनाच्या हिशेबात धरले जातात. मूळ वेतन दोघांचे सारखे आणि भत्त्यात मात्र तफावत, असे बऱ्याचदा आढळते. भारतीय क्रिकेट नियामक मंडळाने २०२२ मध्ये स्त्री-पुरुष खेळाडूंचे सामन्याचे मानधन सारखे केले, वार्षिक करारांच्या रकमा मात्र वेगळ्याच राहिल्या; एकच रकाना पाहून समाधान मानण्यात जो धोका आहे, तो तिथेही दिसतो.

कोष्टक महिन्यानुसार करा. समजा, तुम्हाला सर्व मिळून १८,००० रुपये आणि सहकाऱ्याला २२,५०० रुपये मिळतात. फरक दरमहा ४,५०० रुपये, ३६ महिन्यांचा १,६२,००० रुपये. पगारवाढीमुळे प्रत्येक वर्षी फरक बदलतो, म्हणून सरसकट गुणाकार न करता प्रत्येक महिन्याची ओळ वेगळी लिहावी. दावा करण्याची मुदत तीन वर्षांची आहे. रोज थोडी जुनी थकबाकी त्या मुदतीबाहेर जात असते, हे लक्षात घेऊन 'पुढच्या वाढीपर्यंत थांबू' हा विचार सोडून द्यावा.

६. कंपनीला लेखी विचारणा करा

पत्र छोटे असावे. त्यात आरोप, टोमणे आणि जुनी भांडणे नकोत. साधारण असा मजकूर पुरतो:

'मी दिनांक … पासून स्टोअर विभागात असिस्टंट या पदनामाने काम करत आहे. माल स्वीकृतीच्या नोंदी, साठ्याची मासिक पडताळणी आणि लाइनला माल देणे ही कामे मी आणि याच विभागातील एक्झिक्युटिव्ह या पदनामाचे पुरुष कर्मचारी एकाच पाळीत व एकाच पद्धतीने करतो. तरीही माझे वेतन दरमहा रुपये … ने कमी आहे. हा फरक कोणत्या निकषांवर ठरवण्यात आला, हे मला पंधरा दिवसांत लेखी कळवावे, ही विनंती.'

पत्र हातोहात दिले तर दुसऱ्या प्रतीवर शिक्का, सही आणि तारीख घ्या. पोच द्यायला नकार मिळाला तर त्याच दिवशी स्पीड पोस्टाने पाठवा आणि ईमेलही करा. यानंतर साहेब केबिनमध्ये बोलावून 'आपण घरचीच माणसं, लेखी कशाला?' असे म्हणतील. बोलायला जरूर जा, पण परत आल्यावर 'आज आपल्यात पुढीलप्रमाणे बोलणे झाले' असा दोन ओळींचा ईमेल पाठवून ठेवा.

याच काळात मेमो, अचानक बदली किंवा कामाबद्दल एकाएकी सुरू झालेल्या तक्रारी येऊ शकतात. प्रत्येक मेमोला मुदतीत आणि मुद्द्याला धरून उत्तर द्या. रागाच्या भरात राजीनामा देऊ नका आणि कोऱ्या व्हाउचरवर सही तर मुळीच नको. 'सर्व येणी मिळाली' असे छापलेल्या कागदावर सही करावीच लागली, तर सहीशेजारी 'वेतनातील फरकाचा हक्क राखून स्वीकारले' असे स्वतःच्या हाताने लिहा.

७. वेगवेगळ्या तक्रारी एकाच अर्जात कोंबू नका

वेतनाबरोबर इतरही अन्याय झालेला असू शकतो, पण त्यांची दारे आणि मुदती निराळ्या आहेत.

लैंगिक छळाची तक्रार २०१३च्या कायद्याप्रमाणे कंपनीच्या अंतर्गत समितीकडे करायची असते. दहापेक्षा कमी कर्मचारी असतील किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर ती जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. मुदत घटनेपासून तीन महिन्यांची आहे. सबळ कारण असल्यास समिती ती आणखी तीन महिने वाढवू शकते. वेतनाच्या तीन वर्षांच्या मुदतीवर विसंबून ही मुदत हातची घालवू नये.

प्रसूतीचा प्रश्न मात्र पगाराशी जवळून जोडलेला आहे. आधीच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम केलेल्या स्त्रीला पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची भरपगारी रजा मिळते, हे आता बहुतेकींना ठाऊक आहे. रजेच्या वर्षी 'कामगिरीचे मूल्यमापनच झाले नाही' या सबबीखाली वाढ चुकवली जाते, त्याकडे मात्र लक्ष जात नाही. प्रसूती रजेवर असलेल्या स्त्रीच्या सेवाशर्ती तिचे नुकसान होईल अशा रीतीने बदलता येत नाहीत. कोष्टक तयार करताना हा फरक नेमका कोणत्या वर्षी सुरू झाला ते पाहा. मी पाहिलेल्या काही प्रकरणांत त्याची सुरुवात बाळंतपणाच्याच वर्षी झालेली होती.

८. योग्य कामगार कार्यालयात अर्ज करा

खासगी कारखाने, कंपन्या आणि दुकाने यांसाठी राज्य शासनाचे कामगार आयुक्तालय आणि त्याची जिल्ह्यातील कार्यालये आहेत. बँका, रेल्वे, खाणी, केंद्राचे सार्वजनिक उपक्रम यांच्यासाठी केंद्रीय कामगार यंत्रणा वेगळी आहे. चुकीच्या कार्यालयात दिलेला अर्ज परत येईपर्यंत महिने जातात, तेव्हा आधी ही खात्री करून घ्यावी.

काम समान स्वरूपाचे आहे की नाही, हा वाद आणि थकबाकीचा पैशाचा दावा यांसाठी संहितेत वेगवेगळी कलमे आहेत. म्हणून आवक विभागातच दोन प्रश्न विचारा: या दोन्ही बाबींसाठी कोणता अधिकारी नेमलेला आहे, आणि अर्जाचा नमुना कोणता? अर्ज तुम्ही स्वतः करू शकता, तुमची नोंदणीकृत युनियन करू शकते किंवा निरीक्षक तथा सुविधाकार, म्हणजे संहितेखाली नेमलेला तपासणी अधिकारीही करू शकतो. एकाच आस्थापनेतील अनेक जणींचा मिळून एक अर्ज चालतो, आणि माझ्या मते तोच मार्ग चांगला, कारण एकटीला बाजूला काढून दबाव आणणे मग तितके सोपे राहत नाही.

अर्जासोबत कोष्टक, कागदपत्रांच्या स्वतःच्या सहीच्या प्रती आणि कंपनीला दिलेल्या पत्राची पोच जोडा. मूळ कागद कोणालाही देऊ नका, फक्त दाखवा. आवक क्रमांक आणि तारीख घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका.

वकिलाच्या खर्चाची चिंता असेल, तर जिल्हा न्यायालयाच्या आवारातील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता तिथे मोफत विधी सहाय्य मिळते. दूरध्वनीवर १५१०० या क्रमांकावर चौकशी करता येते.

९. सुनावणी, तडजोड आणि वसुली

देणी चुकती केली आहेत, हे दाखवण्याचा भार संहितेने मालकावर टाकला आहे. कामाचे साम्य मात्र तुम्हालाच मांडावे लागते, आणि तिसऱ्या पायरीतील वही तिथे उपयोगी येते. प्रत्येक तारखेला हजर राहा. मालकाचा प्रतिनिधी गैरहजर असेल, तर त्याची नोंद रोजनाम्यात, म्हणजे सुनावणीच्या रोजच्या नोंदीत झाली का ते पाहा.

बहुधा मध्येच तडजोडीचा प्रस्ताव येतो. मागची काही रक्कम एकदम देऊ, पण पुढचा पगार आहे तसाच राहील, असे त्याचे स्वरूप असते. अशा तडजोडीचा मला विशेष मोह वाटत नाही, कारण फरक पुढच्या महिन्यापासून पुन्हा साचू लागतो. तडजोड करायचीच असेल, तर पदनाम, वेतनश्रेणी आणि ती कोणत्या तारखेपासून लागू होणार, हे तिन्ही लेखी आल्याशिवाय दावा मागे घेऊ नये.

दावा मान्य झाला, तर थकबाकीशिवाय तिच्या दहापटीपर्यंत भरपाई देण्याचा अधिकार अधिकाऱ्याला आहे. ती आपोआप मिळेल असे समजू नका. अर्जात स्पष्ट मागा आणि कंपनीने माहिती असूनही फरक चालू ठेवला, हे दाखवणारे सहाव्या पायरीतील पत्र तिथे पुढे करा. निर्णय विरुद्ध गेला, तर अपिलासाठी ९० दिवस असतात, म्हणून आदेशाची प्रमाणित प्रत लगेच मागवावी. आदेश होऊनही कंपनीने पैसे भरले नाहीत, तर अधिकारी जिल्हाधिकाऱ्यांकडे वसुली प्रमाणपत्र पाठवतो आणि ती रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल होते. त्या प्रमाणपत्राचा जावक क्रमांक मागून घ्या आणि जिल्हाधिकारी कार्यालयात त्याच क्रमांकाने पाठपुरावा करा.